मुरघास उघडल्यावर गरम का होतो: कल्चर वापरण्याचा माझा अनुभव

आमचा मुरघास, म्हणजे हिरव्या चाऱ्याची कुट्टी (बारीक तुकडे) खड्ड्यात दाबून हवाबंद आंबवलेला साठा, बंद असेपर्यंत कधी बिघडला नाही. बिघडायचा तो उघडल्यावर. ताडपत्री मागे सारली की पहिले काही दिवस छान आंबूस वास यायचा, गायी गव्हाण चाटूनपुसून साफ करायच्या. मग ऊन वाढायचं आणि खड्ड्याचं तोंड तापायला लागायचं. हात आत खुपसला की मनगटापर्यंत ऊब लागायची. सकाळी गव्हाणीत टाकलेली कुट्टी दुपारपर्यंत गरम व्हायची, वास बदलायचा, आणि गायी ती नाकाने बाजूला सारून खाली काही बरं मिळतंय का ते शोधायच्या. त्याचा हिशेब संध्याकाळी दुधाच्या बादलीत दिसायचाच.

अशा वेळी आपण बुरशीच्या नावाने खडे फोडतो, कारण डोळ्यांना दिसते ती तीच. पण बुरशी येते सगळ्यात शेवटी. सुरुवात करतं ते यीस्ट. बंद मुरघासात आम्ल कितीही असलं तरी काही जातींचं यीस्ट त्यात तग धरून राहतं. हवा मिळाली की ते लॅक्टिक आम्लावरच ताव मारतं. आम्ल संपत गेलं की सामू (पीएच, आंबटपणाचा आकडा; जितका कमी तितका माल आंबट) चढतो, आणि तोवर दबून राहिलेले इतर जिवाणू नि बुरशी मोकाट सुटतात. हाताला लागणारी ऊब म्हणजे जनावराच्या पोटात जायची ताकद हवेत जळत असते. पांढरे-निळे ठिपके दिसेपर्यंत चाऱ्यातला सगळ्यात पचणारा भाग उडून गेलेला असतो. हे एकदा कळल्यावर माझा प्रश्न बदलला. बुरशी कशी मारायची हे विचारण्यात अर्थ नव्हता. उघडल्यानंतर यीस्टला कसं रोखायचं, हे शोधायला हवं होतं.

कल्चर म्हणजे चाऱ्यात मिसळायची जिवंत जिवाणूंची पावडर. तिचं पहिलं पाकीट विक्रेत्याने हातात ठेवलं तेव्हा त्याचं सगळं बोलणं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं: याने सामू झटक्यात खाली येतो. पाकिटाच्या मागे नावं होती लॅक्टोबॅसिलस प्लांटारम, पेडिओकॉकस आणि एन्टरोकॉकस. विक्रेता खोटं बोलत नव्हता. हे जिवाणू साखरेपासून जवळजवळ निव्वळ लॅक्टिक आम्ल बनवतात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिकचे दोन रेणू, मध्ये कार्बन डायऑक्साइडची गळती नाही. म्हणजे आंबवण्यात चारा कमीत कमी वाया जातो आणि सामू लवकर उतरतो. लसूणघासासारख्या चाऱ्याला अशाच कल्चरची गरज असते. त्यात साखर कमी, प्रथिनं नि क्षार जास्त, त्यामुळे आम्ल तयार होऊनही सामू हलत नाही. तेवढ्या अवधीत क्लोस्ट्रिडियम जातीचे जिवाणू हात मारून जातात आणि मुरघासाला तो ओकारी आणणारा ब्युटिरिक आम्लाचा वास येतो.

पण माझ्याकडे मका होता. मक्यात साखर भरपूर असते आणि आम्लाला अडवणारं फारसं काही नसतं. वेळेवर कापलेल्या, नीट दाबलेल्या मक्याचा सामू काही न टाकताही चारच्या खाली उतरतो. जे काम आपोआप होत होतं त्यासाठी मी पैसे का मोजावेत? शिवाय वाचता वाचता एक गोष्ट हाती लागली, जी विक्रेत्याकडून कधी ऐकायला मिळाली नाही. निव्वळ लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या कल्चरचा मुरघास उघडल्यावर उलट लवकर तापू शकतो. लॅक्टिक आम्ल हे यीस्टचं खाद्य आहे. त्याला जाच होतो तो अॅसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरमधल्या आंबटपणाचा. आंबवण जितकं स्वच्छ आणि काटकसरीचं, तितकं अॅसेटिक कमी आणि यीस्टला रान मोकळं.

मला हवा होता तो लॅक्टोबॅसिलस बुकनेरी. याची चाल वेगळी आहे. आधीच्या जिवाणूंनी बनवलेल्या लॅक्टिक आम्लाचा काही भाग हा हवेविना अॅसेटिक आम्लात आणि प्रोपेनडायॉल नावाच्या पदार्थात बदलतो. त्यात थोडा शुष्क पदार्थ (पाणी सोडून उरणारा चारा) खर्ची पडतो, सामूही किंचित चढा राहतो. ती या सौद्याची किंमत आहे. आणि हा जिवाणू अत्यंत संथ. पहिल्या आठवड्यांत त्याने काही केल्याचं जाणवतही नाही; ४५ ते ६० दिवस दिले तर त्याचा उपयोग. ज्याला तीन आठवड्यांत खड्डा फोडायचा आहे त्याने बुकनेरीवर खर्च करूच नये. माझा खड्डा चांगले दोन महिने बंद राहणार होता, म्हणून मी तोच घेतला. प्लांटारम आणि बुकनेरी दोन्ही असलेली पाकिटंही मिळतात, आणि ज्याला एकाच खड्ड्यात दोन्ही कामं करून घ्यायची आहेत त्याला ती बरी पडतात.

पाकीट वाचताना एक अडचण येते. २०२० साली शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस ही मोठी प्रजाती फोडून तिच्या अनेक प्रजाती केल्या, त्यामुळे काही पाकिटांवर जुनं नाव असतं आणि काहींवर लेंटिलॅक्टोबॅसिलस बुकनेरी किंवा लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम. जिवाणू तेच आहेत. नावापेक्षा आकड्याकडे लक्ष द्यावं. साधारण संकेत असा, की ताज्या चाऱ्याच्या दर ग्रॅमला किमान १ लाख जिवंत जिवाणू पडले पाहिजेत. बुकनेरीचे डोस बऱ्याचदा त्याच्या काही पट असतात. एका टनात १० लाख ग्रॅम, म्हणजे टनाला १०० अब्ज जिवाणू. पाकिटावर दर ग्रॅमला १०० अब्ज लिहिलं असेल तर टनाला एक ग्रॅम पुरे. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या होतो आणि तो करावाच. मी केला तेव्हा एका चकचकीत पाकिटाचा सांगितलेला डोस या हिशेबाच्या जवळपासही जात नव्हता. दुसऱ्या एका पाकिटावर जिवाणूंचा आकडाच नव्हता, नुसतं ‘उपयुक्त जिवाणूंचे मिश्रण’. दोन्ही मी होती तिथे परत ठेवली.

पाकीट घरी आणून थंडीत ठेवलं. हे जिवाणू वाळवून झोपवलेले असतात, पण जिवंत असतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिलेल्या पाकिटात पावडर तेवढीच दिसेल, जिवाणू किती उरले असतील ते कोण सांगणार!

कापणी केव्हा करायची हा कल्चरपेक्षा मोठा निर्णय. कणसातला दाणा मोडून बघायचा: वरचा अर्धा भाग टणक पिवळा आणि खालचा अर्धा दुधाळ झाला की वेळ आली. पण मी दाण्यावर थांबलो नाही. काही ताटं कापून कुट्टी केली, त्यातली १०० ग्रॅम मायक्रोवेव्हमध्ये थोडी थोडी वाळवत गेलो. शेजारी पाण्याचा पेला ठेवायचा, नाहीतर शेवटी कुट्टी पेटते. वजन घटायचं थांबलं की उरलेले ग्रॅम म्हणजे शुष्क पदार्थाची टक्केवारी. ३० ते ३५ हवेत. तिशीच्या बरंच खाली असेल तर खड्ड्यातून रस वाहतो आणि क्लोस्ट्रिडियमला आमंत्रण मिळतं; चाळिशीकडे गेलं तर कुट्टी दबत नाही आणि हवा आतच राहते. स्वयंपाकघरात हा उद्योग केल्याबद्दल घरातून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही, पण त्या वासाला दोष देणाऱ्यांची बाजू मला पटते.

पाण्याचं मात्र कोणी आधी सांगत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि क्लोरीनचं कामच जिवाणू मारणं. पैसे देऊन जिवाणू आणायचे आणि टाकीतच मारायचे, असा प्रकार त्यातून होतो. मी क्लोरीन नसलेलं विहिरीचं पाणी घेतलं, थंड वेळी भरून सावलीत ठेवलं. दुसरा शत्रू उष्णता. फवारणीची टाकी ट्रॅक्टरच्या इंजिनाजवळ किंवा भर उन्हात राहिली की पाणी बघता बघता ३५ अंशांच्या वर जातं, आणि तिथून पुढे जिवाणूंचे हाल सुरू होतात. टाकीवर ओलं पोतं टाकून ठेवलं आणि मधूनमधून थर्मामीटर बुडवत राहिलो. कालवलेलं पाणी त्याच दिवशी संपवायचं ठरवूनच थोडं थोडं कालवलं. पावडर तळाशी बसते, म्हणून टाकी हलवत राहायची.

फवारा मारायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे कुट्टी मशीनचं धुराडं, म्हणजे कुट्टी बाहेर फेकणारं नळकांडं. तिथे प्रत्येक तुकडा हवेत सुटा असतो आणि पाणी सगळीकडे बसतं. आमच्या मशीनला तशी सोय नव्हती, म्हणून खड्ड्यात प्रत्येक थर पसरला की त्यावर पाठीवरच्या पंपाने फवारलं. हे जिवाणू पाय असल्यासारखे चालत जात नाहीत. जिथे थेंब पडला तिथलेच तुकडे आंबवतात. थर जाड आणि फवारा घाईचा असेल तर मध्ये कोरडे पट्टे राहतात. टनाला एक-दोन लिटर पाणी आधीच ठरवलं, ट्रॉलीचं वजन माहीत होतं, त्यावरून एका ट्रॉलीला किती पंप हे काढलं. पंप मारणाऱ्याला तेवढंच सांगितलं: ट्रॉली रिकामी आणि पंप रिकामा, दोन्ही बरोबर व्हायला हवेत.

दाबण्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कल्चर विकत घेतलं की लोक इथे सैल पडतात. थर अर्ध्या फुटापेक्षा जाड नको. ट्रॅक्टर सतत फिरत राहिला पाहिजे, आणि तो पुरेसा जड पाहिजे. ताशी जितके टन कुट्टी येते, त्या दर टनामागे साधारण ४०० किलो वजन वर फिरत असावं, असा एक ठोकताळा आहे. आमच्या कुट्टीचा वेग ट्रॅक्टरच्या वजनाला झेपत नव्हता, तेव्हा मी ट्रॅक्टर वाढवायच्या भानगडीत न पडता कुट्टीच सावकाश केली. मशीनवाला कुरकुरला. त्याचं पोट टनावर आणि माझं दुधावर. घनमीटरला ७०० किलोच्या आसपास ओला माल बसला तर दाब चांगला. कडांना चाक नीट पोहोचत नाही, तिथे माणसं उभी करून पायांनी तुडवून घेतलं, तरी कडा कडाच राहतात.

शेवटची ट्रॉली पसरून दाबली आणि लगेच झाकलं. ‘सकाळी झाकू’ म्हणणाऱ्यांनी रात्रभरात वरचा थर तापवलेला असतो. पातळ फिल्म चिकटवून, वर काळी-पांढरी जाड ताडपत्री, पांढरी बाजू वर, आणि टायर एकमेकांना टेकतील असे. भिंतीलगत वाळूच्या पिशव्या.

इथे एक धोक्याची गोष्ट. बंद केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत खड्ड्यातून पिवळसर तांबूस वायू निघू शकतो, त्याला क्लोरीनसारखा उग्र वास असतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो, आणि फुप्फुसं जाळतो. पीक दुष्काळात तग धरून नंतर पावसावर वाढलेलं असेल तर त्यात नायट्रेट जास्त असतं आणि हा वायू होण्याची शक्यता वाढते. त्या काळात मुलांना आणि कुत्र्यांना त्या बाजूला फिरकू देत नाही, आणि स्वतःही वाकून डोकावत नाही.

भरतानाच मी एक छोटा प्रयोग उरकून घेतला. एकाच ट्रॉलीतली कुट्टी झाकणाच्या तीन सारख्या बादल्यांत ठासून भरली. एकीत काहीच नाही, दुसरीत प्लांटारमचं झटपट कल्चर, तिसरीत बुकनेरी. झाकणांना टेप लावून तिन्ही गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्या. खड्डा दोन करून तुलना करणं मला परवडणारं नव्हतं. शिवाय दोन खड्ड्यांत दाब सारखा राहत नाही, मग फरक कल्चरचा की ट्रॅक्टरचा हे कळत नाही. बादल्यांत निदान तेवढी सोय होती.

खड्डा उघडला त्याच दिवशी बादल्याही उघडल्या. आधी सामू. पट्ट्यांवर मुरघासाच्या रसाचा रंग चढतो आणि वाचणं अवघड जातं, म्हणून साधं मीटर आणलं होतं. झटपट कल्चरची बादली सगळ्यात आंबट निघाली, साधी तिच्या पाठोपाठ, आणि बुकनेरीचा सामू दोघींपेक्षा किंचित वर. आकडा बघून निकाल द्यायचा असता तर मी बुकनेरीला नापास केलं असतं. वासातही फरक होता: झटपटची बादली ताकासारखी सौम्य, बुकनेरीच्या बादलीत नाकाला झोंबणारी व्हिनेगरची धार.

मग तिन्ही बादल्यांभोवती थर्माकोल गुंडाळला, वर सैल फडकं टाकलं आणि प्रत्येकीच्या मध्यात थर्मामीटर खोचला. थर्माकोल नसला तर एवढ्याशा मालातली उष्णता भिंतीतून निघून जाते आणि काही कळत नाही. या चाचणीचा संकेत सोपा आहे: मुरघासाचं तापमान आसपासच्या हवेपेक्षा २ अंशांनी वर गेलं की तो तापायला लागला, आणि उघडल्यापासून तोवर गेलेले तास म्हणजे त्याची टिकण्याची ताकद. साधी आणि झटपट या दोन बादल्या थोड्या अंतराने एकापाठोपाठ तापल्या, आणि आधी तापली ती झटपटची, जिचा सामू सगळ्यात देखणा होता. एकदा चढून तापमान जरा उतरलं आणि पुन्हा चढलं. पहिली चढण यीस्टची, दुसरी बुरशीची. दुसऱ्या चढणीला फडकं उचललं तर वर पांढरी लव आली होती आणि वास ओल्या कपाटासारखा. बुकनेरीची बादली तेव्हाही गार होती. तीही पुढे तापली. हवेत ठेवलेला कुठलाही मुरघास कधीतरी तापतोच. पण मला गव्हाणीत जेवढा वेळ हवा होता त्याच्या कितीतरी पुढे ती गेली.

तीन बादल्या म्हणजे शास्त्र नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण जे वाचलं होतं ते डोळ्यांसमोर, आपल्याच कुट्टीत घडताना दिसलं की निर्णय घ्यायला हात थरथरत नाही.

खड्ड्यात काय झालं? मधला भाग उत्तम. भर उन्हाळ्यात खड्ड्याच्या तोंडात थर्मामीटर खुपसला तरी आधीच्या वर्षांसारखी चढण दिसली नाही. गव्हाणीतली कुट्टी संध्याकाळपर्यंत गार राहिली, गायींनी ती निवडत न बसता संपवली. व्हिनेगरचा वास बघून सुरुवातीला त्या तोंड फिरवतील अशी शंका होती, ती फोल ठरली. मात्र भिंतीलगतच्या कडा आणि वरचे खांदे तसेच राहिले. तिथे काळपट, चिकट माल निघाला, आणि तो मी बाजूला काढून फेकला. जिथे दाब नाही आणि पाणी झिरपतं तिथे कुठलंही कल्चर हात टेकतं. एक ढिगारा चांगल्या मालात मिसळून ‘खपवून’ टाकायचा मोह होतो, पण त्यात लिस्टेरियासारखे जिवाणू आणि बुरशीची विषं असू शकतात. गाभण गाईच्या पुढ्यात तो टाकायची माझी तयारी नाही.

आम्ल घालून चारा टिकवायची कल्पना काही नवी नाही. फिनलंडच्या व्हिर्तानेन या रसायनशास्त्रज्ञाने चाऱ्यावर थेट हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाचं मिश्रण शिंपडून सामू चारच्या खाली आणायची पद्धत काढली, आणि १९४५ साली त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या पद्धतीचा खास उल्लेख होता. लोखंड खाणारं आम्ल हाताळण्यापेक्षा जिवाणूंकडून ते आतल्या आत बनवून घेणं मला कधीही बरं वाटतं. आज प्रोपिऑनिक आम्लही मिळतं, आणि ज्याला खड्डा लवकर उघडायचा आहे त्याला बुकनेरीची वाट बघण्यापेक्षा ते सोयीचं.

उघडल्यावरची शिस्त कल्चरमुळे सुटत नाही. थंडीत रोज किमान अर्धा फूट आणि उन्हाळ्यात फूटभर तोंड मागे जायला हवं, म्हणजे हवा आत शिरण्याआधी आपण तिथे पोहोचतो. काप सरळ ठेवायचा, कुदळीने उकरून भेगा पाडायच्या नाहीत, आणि उंच तोंडाखाली उभं राहून वासासाठी मूठभर माल ओढायचा नाही. वरून दरड कोसळून माणसं दगावली आहेत.

यंदा लसूणघासाचं छोटं पीक आहे. ते सुकवून बॅगांत भरायचं ठरवलंय, आणि त्यासाठी मी तेच पहिलं, प्लांटारमवालं पाकीट आणून ठेवलंय. मक्याच्या खड्ड्याला बुकनेरी राहीलच, पण यावेळी पैशांचा मोठा वाटा खड्ड्यावर जाणार आहे. आहे त्या रुंदीत माझ्या जनावरांना उन्हाळ्यात रोज फूटभर काप संपवता येत नाही, म्हणून मधोमध भिंत घालून त्याचे दोन अरुंद कप्पे करतोय. गवंडी आणि कापणी एकाच आठवड्यात आली नाहीत म्हणजे मिळवली.